बिलकीसच्या बागेत तोफ नाही

लातुरात गंजगोलाईच्या मागं, जिथं गल्ली इतकी अरुंद होते की समोरून म्हैस आली तर माणसानंच माघार घ्यावी, तिथं बिलकीसचं पिको-फॉलचं दुकान आहे. दुकान कसलं, घराचीच पुढची खोली. एक मशीन, धाग्यांच्या रिळांचा डबा, दोरीवर लटकलेल्या गिऱ्हाइकांच्या साड्या आणि मशीनवर वाकलेली बिलकीस. हात साडीच्या काठावर आणि मन भलतीकडंच. बाई दुसऱ्या हाकेला ओ देते, पहिली तिच्यापर्यंत पोचतच नाही. गल्लीतल्या बायका म्हणतात, भाभीचा फॉल कधी वाकडा गेला नाही हे नशीबच म्हणायचं, नाहीतर ध्यान कुठं असतं अल्लालाच ठाऊक.

ध्यान बागेत असतं. आता लातुरात बाग म्हणजे काय, ते लातूरकरालाच विचारा. नळ आला की मोहल्ल्यात सण, टँकर दिसला की पळापळ. दारात एक तुळस जगवली तरी इथं माणूस वर मान करून चालतो. अशा गावात ही बाई भर दुपारी मशीन चालवता चालवता आमराईतून हिंडून यायची. जांभळाखाली थांबायची, बारवेच्या पायऱ्या उतरून पाण्यात पाय सोडायची, मोर ओरडला की वर बघायची. वर पत्र्याला लटकलेला पंखा असायचा. तरी तिचं काही बिघडायचं नाही.

आणि ही बाग होती पत्त्यांची. हसू नका, आधी ऐका.

पत्ते म्हणजे तीनपत्ती नव्हे. 'रियासत' नावाचा एक खेळ आहे. ट्यूशनच्या भागात स्टेशनरीच्या दुकानात त्याची पाकिटं मिळतात. पाकिटातून काय निघेल ते फोडल्यावरच कळतं: कुणाला हत्ती, कुणाला तोफ, कुणाला नुसतीच विहीर. नको ती पानं दुसऱ्याला द्यायची, हवी ती त्याच्याकडून घ्यायची, आणि जमवलेल्या ढिगातून साठ पानं निवडून आपली गड्डी बांधायची. पोरं तिला डेक म्हणतात. चौघं जण खेळायला बसतात. प्रत्येकाची गड्डी आपापली, प्रत्येकाची राखायला एक वेस. दुसऱ्यांच्या वेशी पाडत जायचं, शेवटी जो उरला त्याचं राज्य.

हा खेळ घरात आणला बिलकीसच्या लेकीनं, तूबानं. पोरगी शिकली, नांदेडला एका मोठ्या औषधाच्या दुकानात लागली, तिथंच खोली करून राहिली. जाताना पानांचा खोका घरीच ठेवून गेली. बिलकीसचा नवरा मोहियोद्दीन ट्रकवर, अर्धा महिना परमुलखात. संध्याकाळी घर असं खायला उठायचं की बिलकीस भांडी घासलेलीच परत घासायची. एकदा असंच तिनं तो खोका उघडला. चित्रं बघत बसली. हत्ती, घोडे, किल्ले सगळं बाजूला सारलं आणि झाडं तेवढी वेगळी काढली. तिचं सगळं तिथंच सुरू झालं.

तूबाला फोन केला. "ही झाडं कशाला असतात गं?"

पलीकडून पोरगी अशी खुलली की विचारू नका. झाड टाकलं की ते समोर उभं राहतं, पण प्रत्येक झाडाला पाण्याचं पान लागतं. झाडावर पक्षी बसवता येतो, पक्षी दर पाळीला एक जादा पान आणून देतो. आणि दहा झाडं उभी असताना 'बहर' नावाचं पान टाकलं, तर कुणाची वेस न पाडताच डाव आपला. "पण अम्मी, असं कुणी जिंकत न्हाई," तूबा म्हणाली, "तवर तुला कोण जगू देतं?" त्या दिवशी मायलेकी कितीतरी वेळ बोलल्या. घरात त्यांची दखनी चालते, आपण आपलं मराठीत सांगायचं. एरवी त्यांचा फोन म्हणजे "जेवलीस का?", "हाव", "बरं ठेवते" एवढाच. बिलकीसला वाटलं, लेक परत सापडली.

मग काय, बाई कामालाच लागली. ट्यूशनच्या पोरी ड्रेस आखूड करायला, बॅगेची चेन बसवायला दुकानात यायच्या, त्यांच्या खिशात ही पानं असायचीच. बिलकीस म्हणायची, "मोर हाय का तुझ्याकडं? चेन फुकट बसवते." पोरींना मोराचं काय, त्यांना तोफा पाहिजेत. असं करत करत तिनं मोर आणले, साळुंक्या आणल्या, एक बारव आणली, सीताफळाची तर रांगच लावली. दोन विहिरी काढून एक ओढा घातला, तर झाडं वाळायला लागली. ओढा काढून बारव घातली, तर नुसतं पाणीच हातात येऊन राहिलं, लावायला झाड नाही. साडीचा काठ जुळवावा तसं ती रोज एक पान इकडं, एक पान तिकडं करायची. एकटीच चटई अंथरून चार जागा मांडायची आणि चारी बाजूंनी स्वतःच खेळायची. पण स्वतःच्या बागेवर स्वतःच घोडे घालायचं काही तिच्यानं होईना.

तूबा फोनवर सांगायची, "अम्मी, दोन तोफा तरी घाल. रिकाम्या हातानं कोण खेळतं?"

"बागेत तोफ? ठेवू कुठं, मोगऱ्याशेजारी?"

"मग बाग जळंल."

"जळू दे. पण तोफ न्हाई ठेवायची." फार तर बाभळीचं कुंपण चालेल म्हणाली. कुंपणाचं पान बारीकसारीक हल्ला अडवतं. तेवढ्यावर बाईंनी रियासत राखायची ठरवली. हट्ट तर हट्ट.

मग लागले खरे खेळणारे. तिघं मिळाले. एक तिचा धाकटा भाऊ आसिफ, रिक्षावाला, तोंडानं फटकळ आणि मनानं लोणी. दुसऱ्या समोरच्या उमाबाई, दवाखान्यातून नर्स म्हणून रिटायर झालेल्या, गल्लीतल्या निम्म्या पोरांना टोचलेलं त्यांनीच. तिसरे भुजंगराव किराणावाले, ज्यांच्या दुकानात गिऱ्हाईक कमी आणि गप्पा जास्त. बाजार बंद असायचा त्या दुपारी तिघं बिलकीसकडं जमायचे. आधी शिकायला भुजंगरावांनी लई कुरकुर केली, "भाभी, या वयात हत्ती-घोडे?" पण एकदा हत्ती हातात आल्यावर गडी असा डोलायला लागला की उमाबाई म्हणाल्या, "अंबारी मागवू का?"

खेळाआधी जेवण. बिलकीसच्या घरी कुणी कोरड्या तोंडानं परत गेलं असं झालं नाही. खिचडी, चिंचेचा खट्टा, पापड, आणि वर "आणखी घ्या की" हे चारदा. ताट उचललं की खाली अंथरलेल्या त्याच दस्तरखानावर पानं पडायची.

आणि बाग बहरायची. दर वेळी. आसिफ भुजंगरावांवर घोडे घालायचा, भुजंगराव उमाबाईंच्या वेशीला हत्ती भिडवायचे, उमाबाई दोघांच्या तोफा मोडायच्या, आणि या धुमश्चक्रीत बिलकीसची झाडं एकेक करून उभी राहायची. आंबा, जांभूळ, चिंच, सीताफळ, बोर. पक्षी यायचे. ती पान टाकायची आणि तिला खरंच वास यायचा, मोहोराचा. शेवटी 'बहर' पडायचा, आसिफ कपाळाला हात लावायचा आणि उमाबाई म्हणायच्या, "जिंकलीस गं बाई परत!" एकदा तर उमाबाईंच्या हातात 'वणवा' आला होता. या पानानं समोरची सगळी झाडं एका दमात जळतात. त्यांनी ते पान बघितलं, बिलकीसकडं बघितलं, ओठाला लागलेला खट्टा पुसला आणि पान अलगद मांडीखाली सारलं. तुमच्या ध्यानात आलं असेल. तिच्या नाही आलं. ती त्या वेळी जांभळाखाली होती.

इकडं तूबाचं फोनवरचं बोलणं मात्र आटत गेलं होतं. बिलकीस सांगायची, आज दोन साळुंक्या काढून एक सातभाईचा थवा घातला, तर पलीकडून "छान आहे, अम्मी". आज पाचव्या पाळीलाच सात झाडं उभी केली. "छान आहे, अम्मी." एकदा तिनं मुद्दाम म्हटलं, "आज बागेत दोन तोफा ठेवल्या." त्यालाही "छान आहे". बिलकीसनं फोन ठेवला आणि मशीनवर बसून राहिली. मशीन चालू केलंच नाही. पोरगी ऐकतच नव्हती. बाईला शाळेतल्या बक्षीससमारंभात ढकलून पुढं केलेल्या म्हातारीसारखं वाटलं, जिच्यासाठी सगळे टाळ्या वाजवतात आणि जिचं कुणी ऐकत नाही. लई लागलं तिला ते.

तिनं ठरवलं. नांदेडात दर महिन्याला हे खेळणारे जमतात, तूबा तिथं नावाजलेली. तिथं जायचं, लेकीच्या समोर बसायचं आणि आपली बाग उभी करून दाखवायची. तूबानं एकदा तरी तिच्याकडं अम्मी म्हणून न बघता, समोरचा खेळाडू म्हणून बघावं. एवढंच पाहिजे होतं. दुसरं काही नाही.

तूबा फोनवर गडबडली. "अम्मी, तिथली पोरं लई बेक्कार खेळतात गं. दयामाया न्हाई."

"मीबी जिंकूनच राहिले की इथं."

मग तूबा म्हणाली, "ये. मी माझ्याच टेबलावर तुझं नाव लावते."

ठरल्या दिवशी सकाळी आसिफनं तिला रिक्षातून स्टँडवर आणलं. गड्डी तिनं उरलेल्या खणाची पिशवी शिवून तिच्यात ठेवली होती. बाई नवी ओढणी घेऊन निघाली होती, चेहरा असा उजळलेला की आसिफला राहवेना. बस लागली, ती खिडकीशी बसली, तसा हा खाली खिडकीला धरून उभा राहिला.

"आपा, एक सांगू का? रागवू नको."

"सांग की."

"तिथं कुणी तुझी खिचडी खाल्लेली नसणार."

"मग? डबा घेऊ का बांधून?"

"तसं न्हाई गं." आसिफनं मान खाजवली. "आपा, तुझ्या घरात बसून, तुझ्या हातचं खाऊन, तुझ्याच बागेला आग लावायची? कुणाचा हात धजंल? उमाकाकूच्या हातात कितींदा वणवा आला. भुजंगमामाचे हत्ती तर मीच धरून ठेवायचो. आम्ही काही ठरवून न्हाई केलं. खाल्ल्या मिठाला..."

"म्हणजे मी जिंकत नव्हते?"

"तू वाढत होतीस, आपा. आम्ही जेवत होतो."

कंडक्टरनं घंटी मारली. बस हलली. आसिफ दोन पावलं बरोबर चालला आणि मागं राहिला.

आता आमच्याकडची ही एक गंमतच आहे. ज्याच्या घरी चार घास खाल्ले त्याच्याशी आपण भांडतो, त्याला शिव्या देतो, लग्नात मानपानावरून वर्षभर रुसून बसतो, पण त्याच्याच ओसरीवर बसून त्याच्यावर हात उचलत नाही. चांगलीच रीत आहे. पण या रीतीनं एका बाईला किती गोड फसवलं ते बघा. इतके महिने गड्डी घासूनपुसून पारखली, एकेका पानाचा हिशेब लावला, आणि बागेवर खरा वारा एकदाही आला नव्हता.

चाकूर गेलं, अहमदपूर गेलं. बिलकीस खिडकीला डोकं टेकून बसली होती. बाहेर सोयाबीन काढलेली रानं, मधूनच एखादं हिरवं बाभळबन. डोळे मिटले की बाग तशीच दिसायची, पण आता बांधावर ती तिघं बसलेली. आसिफ, उमाबाई, भुजंगराव. पुढ्यात ताटं, तोंडात घास, आणि शालीखाली प्रत्येकाच्या मांडीवर एकेक कुऱ्हाड. ती म्हणत होती, "आणखी घ्या की." आणि ते घेत होते. झाडं मान हलवत होती. तिला आधी त्यांचा राग आला, मग स्वतःचा आला. मग लोहा येईस्तोवर रागही उतरला आणि नुसतं एक भ्याव उरलं, की आपली बाग खरी आहे का, का आपण अंगणात खेळणारं लेकरू होतो आणि मोठी माणसं मुद्दाम हरत होती?

नांदेडच्या स्टँडवर तूबा स्कूटी घेऊन आली होती. केस बारीक कापलेले, खांद्याला पर्स, चाल अशी की गाव तिच्याच मालकीचं. खोलीवर गेल्यावर तिनं चहा टाकला, पोहे केले. बिलकीसनं हात लावला नाही.

"अम्मी, निदान चहा तरी."

"खेळ झाल्यावर."

"पोटात गोळा आलाय व्हय?" तूबा हसली. बिलकीसनं पिशवीतली गड्डी चाचपली. आज कुणाच्या मिठाची भानगड तिला नकोच होती.

खेळ स्टेशनजवळ, एका दुकानाच्या माडीवर. पंखे गरगरत होते, प्लास्टिकच्या टेबलांवर पोरं पोरी वाकलेल्या. बिलकीसच्या वयाचं कुणीच नव्हतं. त्यांच्या टेबलावर दोघं आणखी होते: सत्यम, इंजिनियरिंगचा पोरगा, दाढी नुकतीच फुटलेली आणि मिजास जुनी, आणि वैजनाथ, बँकेतला शांत माणूस, जो पान टाकण्याआधी चष्मा पुसायचा.

"काकू, पहिल्यांदा का?" सत्यमनं विचारलं.

"नांदेडला पहिल्यांदा," बिलकीस म्हणाली.

सत्यमला उत्तर आवडलं, पण त्यानं दया दाखवली नाही. बिलकीसनं पहिलं बोरीचं झाड लावलं, तसे त्याचे घोडेस्वार सुटले. बाभळीच्या कुंपणानं पहिली तुकडी अडवली, दुसरी आत शिरली. बोर गेली, वेशीचा एक चिरा गेला. बिलकीसच्या छातीत धस्स झालं, आणि गंमत म्हणजे बरंही वाटलं. हा वारा खरा होता. तिनं पाणी आणलं, सीताफळ लावलं, त्यावर साळुंकी बसवली. पुढच्या पाळीला सत्यम परत घोडे घेऊन आला, आणि मधे तूबाचा हत्ती उभा राहिला.

"आता यात तुझं काय?" सत्यम म्हणाला.

"माझी मर्जी," तूबा म्हणाली.

मग तसंच होत गेलं. वैजनाथनं चष्मा पुसून तोफ काढली, तूबानं तिचा बारूद भिजवला. सत्यमनं जंगलतोडीचं पान टाकलं, तूबानं ते फिरवून त्याच्याच किल्ल्यावर घातलं. चार जणांच्या खेळात कुणाशी दोस्ती करावी याला बंदी नाही, पण अशी एकतर्फी दोस्ती कुणी करत नाही. सत्यम चिडला. "तूबा, तू कुणाच्या बाजूनं खेळून राहिलीस? स्वतःच्या तरी खेळ!" तूबानं त्याची वेस पाडूनच उत्तर दिलं. थोड्या वेळानं वैजनाथचीही पडली. त्यानं पानं गोळा केली, चष्मा खिशात ठेवला आणि खुर्ची न सोडता बघत बसला.

टेबलावर आता दोघीच. एका बाजूला हत्तींची रांग, दुसऱ्या बाजूला नऊ झाडं. भर पंख्याखाली बागेत इतकी सावली दाटली होती की बिलकीसला ऊन-वारा कशाचीच शुद्ध उरली नव्हती. पक्षी होते, बारव तुडुंब भरली होती. तिच्या हातात दहावं झाड होतं, चिंचेचं. आणि 'बहर'सुद्धा हातातच होता. तूबाची पाळी संपली की झालं.

तूबानं गड्डीतून पान उचललं. बघितलं. आणि खालचा ओठ आतून चावला.

"माझं काही न्हाई," ती म्हणाली. "तू खेळ, अम्मी."

बिलकीस खेळली नाही. तिनं हातातली पानं पालथी ठेवली.

"काय आलं?"

"काही न्हाई गं. खेळ तू. जिंकून राहिलीस की."

"पाचवीत गणिताचा पेपर गादीखाली लपवलास तवाबी असाच ओठ चावला होतास. काय आलंय?"

तूबानं सत्यमकडं बघितलं, वैजनाथकडं बघितलं. मग हळूच म्हणाली, "वणवा."

"मग टाक."

"अम्मी..."

"का न्हाई टाकायचा?"

तूबाचा आवाजच बारीक झाला. "तुझ्यावर कसा टाकू? जन्मापासून तुझंच मीठ खाल्लंय मी. इतक्या लांबून तू बस करून आलीस, नवी ओढणी घेऊन आलीस, आणि मी समोर बसून आग लावू?"

बिलकीसचे डोळे भरून आले. राग होता की माया, तिलाच कळलं नसेल. दोन्ही असेल. "ते मीठ मी पोट भरावं म्हणून घातलं होतं गं, फेडावं म्हणून न्हाई. तिकडं तिघांनी मला अशीच जपली. तू फोनवर जपतीस. सगळ्यांनी मिळून मला पाहुणी करून ठेवलंय, पोरी. ताट वाढा, पंखा लावा, छान म्हणा आणि बाजूला बसवा. मी खेळायला आलेय. माझी बाग जळणारी हाय का टिकणारी, मला बघू दे. तू न्हाई दाखवलंस तर कोण दाखवंल?"

सत्यमनं मान खाली घातली.

तूबानं ओढणीच्या टोकानं नाक पुसलं. आणि पान टाकलं.

बिलकीसनं स्वतःच्या हातानं झाडं उचलली. आंबा उचलला. दोन जांभळी उचलल्या. सीताफळाची रांग उचलली, त्यातलं एक पान ट्यूशनच्या पोरीकडून चेन बसवून आणलेलं, कोपरा दुमडलेला. एकेक बाजूला ठेवताना तिला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगा, लई वाईट वाटलं. समोर उघडी माती उरली आणि तुडुंब भरलेली बारव. पण वणव्यात पक्षी मरत नाहीत, ते उडून हातात परत येतात, हा नियम आहे. ते सगळे थव्यानं तिच्या हाताशी आले. तिनं चिंच लावली. चिंचेवर मोर बसवला.

तूबानं हत्ती सोडले. आता तिचे हत्ती अडखळत नव्हते. बिलकीसनं बाभळी आडव्या टाकल्या, बारवेचं पाणी सोडून दोन हत्ती रुतवले, एका सातभाईच्या थव्याला कुंपणाआड असं फिरवलं की वैजनाथनं चष्मा परत काढून घातला. एकदा तर तूबा "अरे!" म्हणून खुर्चीतून उठलीच. मायलेकी ओढण्या खोचून अशा भिडल्या की शेजारच्या टेबलावरची पोरं उठून बघायला आली. पण एका चिंचेनं वेस किती राखावी? शेवटचा चिरा ढासळला. डाव तूबाचा झाला.

बिलकीस मागं टेकली. आणि ती हसत होती.

तूबा हसत नव्हती. तिनं टेबलावर हात आपटला. "अम्मी, डोकं ठिकाणावर हाय का तुझं? वणवा गड्डीत असतो हे शेंबड्या पोराला ठाऊक हाय, आणि तू नऊच्या नऊ झाडं एका दमात समोर मांडून बसलीस? चार हातात ठेवायची ना! आणि बारव तू हत्तींसाठी का राखून ठेवलीस, बारवेनं वणवा विझतो, पान नीट वाचलं न्हाईस का तू? आणि तो मोर! मोर कुणी चिंचेवर बसवतं का? आंबा हातात राखून त्यावर बसवला असता तर दोन पानं आली असती. दोन! मी तुला किती महिन्यांपासून... न्हाई, मी तुला काही सांगितलंच न्हाई. थांब. दाखव इकडं ती गड्डी."

तिनं आईच्या हातातून गड्डी ओढूनच घेतली. पानं टेबलावर पसरली, दोन साळुंक्या बाहेर फेकल्या, परत उचलल्या, पुटपुटली, केस मागं सारले. मग ती सगळी पिसून आईपुढं ठेवली आणि स्वतःचीही पिसायला घेतली.

"सत्यम, वैजनाथसर, बसा. परत मांडू." तिनं आईकडं बघितलं. डोळे अजून ओलेच होते, पण त्यांच्यात भीड उरली नव्हती. "आणि तू, कान उघडे ठेवून ऐक. आता मी पहिल्या पाळीपासून तुलाच जाळणार हाय."

"जाळ," बिलकीस म्हणाली, आणि तिनं पहिली बोर लावली.